आहेराची वही

पुण्यातल्या एका रुग्णालयाचा डे-केअर वॉर्ड. मावशीची पहिली केमो. सलाईनच्या नळीतून लालभडक औषध उतरायला लागलं तसा मावशीने माझा हात घट्ट धरला. बाजूच्या खुर्चीत डोक्याला सुती रुमाल बांधलेली एक बाई बसली होती. तिची तिसरी वेळ. मावशीचा चेहरा बघून ती म्हणाली, "ताई, आज-उद्या लघवी लाल होईल. घाबरू नका, रक्त नसतं ते. औषधाचाच रंग असतो. मला सांगितलेलं ध्यानातच राहिलं नव्हतं, रात्रभर रडत बसले होते मी." मग पिशवीतल्या डबीतून तिने सुकवलेल्या आवळ्याचे दोन तुकडे काढले आणि मावशीच्या मोकळ्या हातावर ठेवले. "मळमळलं की चघळा."

रात्री तसंच झालं. मावशी न्हाणीघरातून बाहेर आली ती शांत होती. "तिने सांगितलं होतं म्हणून बरं," एवढंच म्हणाली आणि झोपायला गेली. डॉक्सोरुबिसिन नावाचं ते औषध मुळातच लाल असतं आणि एक-दोन दिवस लघवीतून त्याचा रंग जातो. डॉक्टरांनीही ते सांगितलं होतं, हातात दिलेल्या कागदावर छापलेलंही होतं. पण त्या दिवशी कानावर पडलेल्या ढीगभर सूचनांमधून मनात राहिली ती एकच, कारण ती अशाच एका रात्रीतून गेलेल्या बाईच्या तोंडून आली होती.

दुसऱ्या दिवशी मावशीने नातवाची अर्धी कोरी वही मागून घेतली आणि लिहायला बसली. 'खुर्चीतल्या ताई – लाल लघवीचं सांगितलं, आवळा दोन फोडी. समोरच्या वहिनी – संध्याकाळचा डबा, मुगाची खिचडी. रिक्षावाला – सावकाश चालवली, खड्डे चुकवले.' मी विचारलं, हे काय? म्हणाली, "आहेराची वही. लग्नात नाही का आपण लिहून घेत, कुणी काय दिलं ते? लिहून ठेवलं नाही तर परत करताना चुकतं."

स्तनाच्या कॅन्सरसोबत जगणाऱ्या बायका एकमेकींना काय देतात आणि त्या देण्याघेण्यातून काय उभं राहतं, यावर जगभर पुष्कळ संशोधन झालं आहे. ते वाचताना मला सारखी ही वही आठवत राहिली.

केलेलं जाणणारा

'कृतज्ञ' हा शब्द भाषणांत वापरून वापरून आपण गुळगुळीत करून टाकला आहे. त्याची फोड साधी आहे. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कुणी काय केलं हे ज्याला ठाऊक असतं, तो कृतज्ञ. या अर्थात आजाराचे आभार मानणं कुठेही बसत नाही. कॅन्सरने मला खूप शिकवलं असं एखादीला मनापासून वाटत असेल तर तो तिचा अनुभव. पण तसं वाटलंच पाहिजे, अशी सक्ती करायचा अधिकार कुणालाच नाही.

आपल्याकडे ही सक्ती फार प्रेमाने केली जाते. "पॉझिटिव्ह राहा, तू लढवय्यी आहेस, रडायचं नाही." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ऐकणारीच्या डोक्यावर आणखी एक ओझं चढतं: आजार वाढला तर तो माझ्या निराश मनामुळे वाढला का? अमेरिकन लेखिका बार्बरा एरेनराइक यांना स्वतःला स्तनाचा कॅन्सर झाला, तेव्हा २००१ मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात त्यांनी या सक्तीच्या हसतमुखपणावर कडाडून टीका केली होती. रागावण्याची आणि घाबरण्याची मुभा आजारी माणसाला हवीच. मावशीच्या वहीतही एका पानावर फक्त 'आज काही नाही. खूप रडले.' असं लिहिलेलं आहे. दुसऱ्या दिवशी खाली भर घातली आहे: 'यांनी न विचारता चहा केला.'

लाखोंमधली एकटी

२०२२ मध्ये जगभरात सुमारे २३ लाख स्त्रियांना स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं. भारतात त्या वर्षी नव्या रुग्णांचा अंदाज १ लाख ९२ हजारांच्या घरात होता. आपल्या देशातल्या स्त्रियांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा हाच कॅन्सर आहे. म्हणजे मोठ्या सोसायटीत, गावात, लोकलच्या डब्यात यातून गेलेली कुणीतरी असू शकते. तरीही निदान झालेल्या बाईला वाटतं, हे माझ्या एकटीच्याच वाट्याला आलं.

त्याचं कारण आपण बोलत नाही. मुलीचं लग्न जमायचं आहे, म्हणून आईचं ऑपरेशन 'एक छोटी गाठ होती' एवढ्यावर मिटवलं जातं. हा आजार संसर्गाने पसरत नाही हे माहीत असूनही कुठे कुठे ताट-वाटी वेगळी काढली जाते. हळदीकुंकवाला बोलावणं येत नाही. आणि मुळात हा आजार ज्या अवयवाला होतो, त्याचं नाव घ्यायलाच आपली जीभ अडखळते. गाठ लागूनही महिनोन्‌महिने बायका गप्प राहतात, त्यात खर्चाच्या भीतीइतकाच या संकोचाचा वाटा असतो.

ही गप्प राहण्याची सवय सगळ्यात आधी मोडते ती रुग्णालयाच्या बाकांवर. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसं तिथे येत आहेत. त्यांच्यासाठी दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. अशा ठिकाणी विदर्भातली बाई आणि बिहारमधली बाई शेजारी शेजारी राहतात. भाषा अर्धीमुर्धी कळते. पण महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी कोणते कागद लागतात, रेल्वेच्या भाड्यात रुग्णाला आणि सोबत्याला सवलत मिळते तिचा फॉर्म कुठे भरून घ्यायचा, 'लाईट' म्हणजे रेडिएशन घेताना त्या जागेची कातडी काळवंडली तर कुणाला दाखवायची, हे एकीकडून दुसरीकडे जातं. उपचार डॉक्टर करतात. उपचारांच्या दोन तारखांमधले दिवस कसे काढायचे ते या बायका शिकवतात.

दोरी आणि चेंडू

या शिकवण्याला रीतसर रूप देणारी एक बाई न्यू यॉर्कमध्ये होऊन गेली. टेरीस लॅसर तिचं नाव. १९५२ मध्ये तिचं स्तनाचं ऑपरेशन झालं. त्या काळात स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी काढून टाकायची पद्धत होती. ऑपरेशन उत्तम झालं, पण नंतर हात कसा उचलायचा, कपडे कसे घालायचे, नवऱ्याशी काय बोलायचं, हे सांगणारं कुणीच नव्हतं. बरी झाल्यावर लॅसर स्वतःच ऑपरेशन झालेल्या बायकांना भेटायला वॉर्डात जाऊ लागली. सोबत एक छोटी पिशवी असे: हाताच्या व्यायामासाठी चेंडू आणि दोरी, कपड्यात घालायचा तात्पुरता कृत्रिम स्तन आणि माहितीची पुस्तिका. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या बाईने वॉर्डात येऊन रुग्णांशी असं बोलावं हे काही डॉक्टरांना रुचलं नाही. तरी काम वाढत गेलं. 'रीच टू रिकव्हरी' या नावाचा तिचा उपक्रम १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आपल्याकडे घेतला आणि पुढे तो अनेक देशांत पोहोचला.

लॅसरच्या पिशवीतल्या दोरीचं महत्त्व मला मावशीच्या घरात कळलं होतं, केमोच्या आधी तिचं ऑपरेशन झालं तेव्हा. काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या की हातातलं पाणी निचरायची वाट अरुंद होते, त्यामुळे हात सुजू शकतो. खांदाही आखडतो. म्हणून टाके सुकत आले की हळूहळू व्यायाम सुरू करायचे असतात. मावशीला शिकवलेला व्यायाम असा: भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि ऑपरेशनच्या बाजूच्या हाताची बोटं मुंगीसारखी चालवत वर न्यायची. जिथे दुखून थांबावं लागेल तिथे थांबायचं. मावशी तिथे पेन्सिलने बारीक रेघ मारायची. पहिली रेघ छातीच्याही खाली होती. दोन बोटं वर, एक बोट वर, एखाद्या दिवशी खालीच. दोन महिन्यांनी रेघ कपाळाच्या वर गेली आणि मावशीने त्या हाताने स्वतःची वेणी घातली. वेणी म्हणजे केमोआधीच्या केसांचा शेवटचा पेड; पण तो तिने स्वतः घातला.

पुढच्या वर्षी गल्लीतल्या एका सुनेचं ऑपरेशन झालं. ती मावशीच्या घरी आली तेव्हा मावशीने तिला धीराचं एकही वाक्य ऐकवलं नाही. भिंतीजवळ नेलं आणि सगळ्यात खालची रेघ दाखवली. "मी इथून सुरू केलं होतं." त्या मुलीने आपली बोटं शेजारी टेकवली. ती मावशीच्या रेघेपेक्षा चांगली वर होती. कितीतरी दिवसांनी ती हसली.

सोबतीने आयुष्य वाढतं का?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारला. १९८९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डेव्हिड स्पीगल या मानसोपचारतज्ज्ञांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. शरीरात इतरत्र पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ८६ स्त्रिया त्यात होत्या. त्यांतल्या काहींना नेहमीच्या उपचारांसोबत वर्षभर दर आठवड्याला दीड तास एकत्र बसवलं गेलं. तिथे त्या वेदनेबद्दल, घरच्यांबद्दल, मरणाच्या भीतीबद्दल मोकळेपणाने बोलत. गटातल्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्या, गटात नसलेल्या १८.९ महिने. जवळजवळ दुप्पट! साहजिकच जगभर खळबळ उडाली.

पण शास्त्रात एका अभ्यासावर थांबत नाहीत. कॅनडात २३५ स्त्रियांवर हाच प्रयोग पुन्हा झाला. त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये आले: आयुष्यात फरक पडला नाही. स्पीगल यांनी स्वतःच पुन्हा अभ्यास केला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही एकूण रुग्णांचं आयुष्य वाढलेलं दिसलं नाही, आणि त्यांनी ते तसंच मांडलं. मात्र कॅनडाच्या अभ्यासात एक गोष्ट ठळक दिसली. गटात बसणाऱ्या स्त्रियांची मानसिक घालमेल कमी झाली, वेदनेचा त्रासही कमी जाणवला. ज्या सुरुवातीला जास्त खचलेल्या होत्या, त्यांना फायदा जास्त झाला.

मला ही गोष्ट निराशेची वाटत नाही. गटात बसल्याने गाठ विरघळत नाही, हे एकदा स्पष्ट झालं की कुणी आपल्या रडण्याला आजार वाढल्याचा दोष देऊ शकत नाही. आणि दुखणं थोडं कमी होणं, रात्र थोडी बरी जाणं, हे ज्याला दुखतं त्याच्या लेखी लहान नसतं.

सोबतीचा एक व्यावहारिक परिणाम मात्र दुर्लक्षित करता येत नाही. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या एका दीर्घ अभ्यासात स्तनाचा कॅन्सर झालेल्या २,८३५ स्त्रिया होत्या. आजारापूर्वीच ज्या एकाकी होत्या, जवळचे नातेवाईक-मैत्रिणी ज्यांना नव्हत्या, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त आढळलं. २००६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संशोधकांनी कारण सुचवलं ते अगदी घरगुती आहे: काळजी घेणारं माणूस जवळ असणं. दवाखान्यात नेणारं, जेवायला घालणारं, तारीख चुकू न देणारं. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप कमी होतात. तेव्हा ताप १००.४ अंश फॅरेनहाइटवर गेला तर सकाळची वाट न बघता रुग्णालयाला कळवायचं असतं. रात्री दोन वाजता कपाळाला हात लावून बघणारं कुणी घरात असेल तर ते कळतं.

वही लिहिल्याने काय होतं

मावशीच्या वहीसारखा प्रयोगही झाला आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा २००३ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्याच्या एका भागात स्नायू आणि मज्जातंतूंचे दुर्धर आजार असलेल्या लोकांनी तीन आठवडे रोज, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा गोष्टी लिहिल्या. त्यांचा दिवस अधिक समाधानाचा गेला, झोपही सुधारली. २०१९ मध्ये पोलंडमधल्या संशोधकांनी स्तनाचा कॅन्सर झालेल्या स्त्रियांना दोन आठवडे अशी टिपणं करायला सांगितली. अभ्यास छोटा होता, पण त्याच्या निष्कर्षांतली एक ओळ मला फार महत्त्वाची वाटते: लिहिणाऱ्या स्त्रियांना आपल्याला मिळणारा आधार जास्त जाणवू लागला.

दुखणं माणसाचं सगळं लक्ष स्वतःकडे ओढून घेतं. त्या अंधारात डबा येतो आणि जातो, रिक्षावाला खड्डा चुकवतो, जावई गुपचूप बिल भरतो, आणि यातलं काही ध्यानात राहत नाही. लिहिलं की ते दिसतं. म्हणून अशी वही लिहायची असेल तर मोघम लिहू नये. 'सगळे खूप चांगले आहेत' या वाक्यात कुणीच नसतं. 'ऑपरेशननंतर धाकट्या जाऊबाईंनी ड्रेनची पिशवी अडकवायला कापडी खिसा शिवून दिला होता, नाडी लावून' यात एक माणूस असतं, तिचे हात असतात.

देणारीला काय मिळतं

१९६५ मध्ये फ्रँक रीसमन या अभ्यासकाने एक साधी गोष्ट सिद्धान्तासारखी मांडली: एकाच प्रकारच्या अडचणीतली माणसं एकमेकांना मदत करतात तेव्हा मदत करणाऱ्याला, घेणाऱ्याइतकाच, कधी त्याहून जास्त फायदा होतो. आपल्याकडे पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात हे तत्त्व रोज चालताना दिसतं. व्यसनातून बाहेर आलेली माणसंच तिथे नव्यांना हात देतात. १९८६ मध्ये ते केंद्र उभं करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांना पुढे स्वतःला कॅन्सर झाला. आजारपणातही त्यांचं काम चालू राहिलं. १९९७ मध्ये त्या गेल्या. केंद्र आजही उभं आहे.

आजारी माणूस महिनोन्‌महिने घेतच राहतो. रक्त, पैसे, वेळ, सेवा. ज्या बाईने आयुष्यभर घराला वाढलं, तिला हे घेणं फार जड जातं. म्हणूनच दुसऱ्या एखादीला आपण काही देऊ शकतो, हे कळलं की तिचा कणा ताठ होतो. मुंबईत काही स्त्रिया मऊ सुताचे कृत्रिम स्तन क्रोशाने विणून ऑपरेशन झालेल्यांना मोफत देतात. ते हलके असतात आणि घामाने त्रास होत नाही. मिळालेला हातात धरताना दुसऱ्या एका बाईने आपल्यासाठी टाके मोजले, हे जाणवतं.

मात्र या देण्याला मर्यादा हवी. चांगल्या मदतगटात एक नियम कटाक्षाने पाळतात: औषध कुणी कुणाला सुचवायचं नाही. प्रत्येकीच्या गाठीचा प्रकार वेगळा, म्हणून उपचार वेगळे. कुणाला रोजची हार्मोनची गोळी पाच ते दहा वर्षं घ्यायची असते, कुणाला ती लागूच नसते. 'अमुक काढा घे, केमो सोड' हा सल्ला प्रेमाने दिला तरी घातक आहे. आपण सांगायचं ते आपल्यावरून गेलेलं. ठरवायचं डॉक्टरांनी आणि तिने. मन फारच खचलं, झोप-जेवण तुटलं, तर मैत्रिणीवर न थांबता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं.

आणखी एक काळजी घ्यावी. आजार शरीरात पसरलेल्या स्त्रियांचे उपचार कधी संपत नाहीत. 'झाली का ट्रीटमेंट पूर्ण?' या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसतं, म्हणून त्या बऱ्या झालेल्यांच्या मेळाव्यातही एकट्या पडतात. त्यांना आशेची भाषणं नको असतात. वेदना आटोक्यात ठेवणारे उपचार हवे असतात, ते शेवटच्या दिवसांसाठी राखून न ठेवता वेळेवर मिळायला हवेत. आणि हवं असतं मरणाचा विषय निघाला तरी उठून न जाणारं माणूस. स्पीगल यांच्या गटातल्या बायका नेमकं हेच एकमेकींसाठी करत होत्या.

घरच्यांनी, शेजाऱ्यांनी काय करावं? 'काही लागलं तर सांग' हे वाक्य बाजूला ठेवावं, कारण कुणीच सांगत नाही. त्याऐवजी 'मंगळवारचा डबा माझ्याकडे', 'गुरुवारी फाईल घेऊन रांगेत मी उभी राहते' असं बोलावं. वार ठरला की मदत खरी होते.

नाव न लिहिलेली नोंद

या देण्याघेण्याची सुरुवात आजाराच्या आधीही करता येते. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणी झालेल्यांमध्ये आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला. मृत्यूंमधली एकूण घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की ठरली नाही; पण पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत ती जवळजवळ ३० टक्के होती. महागडं यंत्र नाही. दार वाजवणारी एक बाई आणि तिचे शिकलेले हात.

मावशी आता दर सहा महिन्यांनी तपासणीला जाते. वहीतल्या बऱ्याच नोंदींपुढे तिने बरोबरची खूण केली आहे. समोरच्या वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डबा गेला, खूण. जाऊबाईंच्या नातवाला दुपटी शिवून झाली, खूण. पहिल्या पानावरच्या पहिल्या नोंदीपुढे मात्र खूण नाही. त्या खुर्चीतल्या ताई पुन्हा भेटल्या नाहीत. दोघींच्या तारखा जुळल्या नाहीत, आणि नाव विचारायचं तेव्हा सुचलंच नव्हतं.

त्या नोंदीखाली मावशीने जागा सोडली होती. तिथे आता बारीक अक्षरात एकाखाली एक लिहिलं आहे: 'खिडकीजवळची मुलगी, सांगितलं. बार्शीच्या काकू, सांगितलं. शिक्षिका, सांगितलं, आवळा दिला.' अकरा झाल्या. मी म्हटलं, मग आता तरी खूण कर. मावशीने वही मिटली. "एवढ्यात कशाला?" म्हणाली, आणि उद्याच्या पिशवीत आवळ्याची दोन पाकिटं टाकली.